ओसरीत कुणी घसरलं नव्हतं

विमा कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी रुद्रम्माबाईंचा जबडा तारांनी बांधलेला होता. वरचे दात खालच्या दातांना आवळून ठेवलेले, समोरचे चार दात गेलेले, आणि त्या फटीतून नळीनं आंबील पिणं चाललेलं. त्यामुळं पत्र वाचून त्यांच्या तोंडून काही बाहेर पडलं नाही. त्यांनी नळी बाजूला ठेवली, कपाटातून लाल पेन काढला आणि पहिलीच्या पोराची वही तपासावी तसं ते पत्र तपासायला घेतलं.

पत्र चार ओळींचं होतं. केसपेपरनुसार रुग्ण राहत्या घरी ओसरीत पाय घसरून पडल्या. त्यांचे दात पूर्वीपासून हलत होते. उपचार दंतविभागात झाले असून दंतउपचार पॉलिसीत बसत नाहीत. सबब दावा नामंजूर.

‘पाय घसरून’ या शब्दांखाली लाल रेघ आली आणि समासात ‘चूक’. ‘दात हलत होते’ याखाली दोन रेघा, आणि ‘साफ चूक’. ‘दंतउपचार’ पाशी पेन जरा थांबला. तिथं त्यांनी ‘अर्धवट’ असं लिहिलं आणि पत्र नवऱ्यापुढं धरलं.

गुरुलिंग गोठ्यातून नुकतेच आले होते. हात धोतराला पुसून त्यांनी पत्र वाचलं, लाल शेरेही वाचले.

“आता काय करायचं म्हणतीस?”

बाईंनी जवळची वही ओढली. महिनाभर त्या वहीतूनच बोलत होत्या. त्यांनी लिहिलं, ‘खरं सांगायचं.’

गुरुलिंगांनी आढ्याकडं पाहिलं. जणू तिथं पाल दिसली होती.

बाईंचा जीव कशात अडकला होता ते घरात दोघांनाही ठाऊक होतं. अणदूर गावातल्या एका संस्थेच्या शाळेत त्या तेहतीस वर्षं पहिलीला शिकवत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मोडलेल्या जबड्याला धातूच्या पट्ट्या बसवून झाल्या होत्या, पण काम अर्ध्यावर होतं. तार निघाल्यावर समोरच्या जागी हाड भरून चार दात पक्के बसवायचे होते. उशीर झाला तर तिथलं हाड झिजतं आणि मग दात बसायला जागाच राहत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पहिल्या शस्त्रक्रियेलाच घर रिकामं झालेलं. दुसरी व्हायची तर कंपनीनं दावा मान्य करायला हवा होता. आणि संस्थेचे सचिव अमरसिंह समाचाराला आले तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले होते, “बाई, पहिलीच्या पोरांना बाईचं तोंड बघून अक्षर येतं. तुम्ही आता ऑफिसात बसा. हजेरी, पोषण आहाराचं रजिस्टर, हलकं काम आहे. पहिलीला आपण दुसरं कुणीतरी बघू.”

त्यांच्या दृष्टीनं ते भलाईचंच बोलणं होतं. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. जेवण म्हणजे तरी काय, आंबीलच.

*

ओसरीत कुणीही घसरलं नव्हतं, हे निम्म्या गावाला ठाऊक होतं.

गुरुलिंगांचे थोरले भाऊ वारलेले. त्यांची बायको हरणाबाई, म्हणजे बाईंची थोरली जाऊ, शेजारच्याच घरात राहायची. चैत्रात तिच्या मुलाचं, सिद्धलिंगचं, लग्न झालं. नवरी भूमची, अर्पिता नावाची, बी. एस्सी. झालेली. लग्नानंतर खंडोबाचं जागरण घातलं. वाघ्या-मुरळी आली, रात्रभर गाणी झाली, आणि उजाडता उजाडता लंगर तोडायची वेळ आली. लंगर म्हणजे देवाची लोखंडी साखळी. वाघ्या ती देवापुढं हिसक्यानं तोडतो. तुटली की देव पावला, कार्य तडीला गेलं, असं समजायचं.

वाघ्या होता गावचाच उत्तरेश्वर. पहिल्या हिसक्याला लंगर नुसताच वाजला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला त्यानं ‘येळकोट’ म्हणून सगळं अंग मागं टाकलं आणि लंगर तुटला; पण तुटलेलं टोक सरळ सुटून आरतीचं ताट धरून उभ्या असलेल्या रुद्रम्माबाईंच्या तोंडावर बसलं. ताट पडलं, भंडारा उधळला. बाई खाली बसल्या तेव्हा पदर लाल झाला होता.

पहिल्यांदा भानावर आली ती हरणाबाई. तिनं स्वतःचा पदर बाईंच्या तोंडावर दाबला आणि मांडवातल्या सगळ्यांकडं वळून म्हणाली, “कुणी काय बोलायचं न्हाय. लंगरानं रगत काढलं म्हणलं की उद्या माझ्या सुनेचा पायगुण निघंल. बाई ओसरीत घसरली. ऐकलं का सगळ्यांनी? ओसरीत.”

सगळ्यांनी ऐकलं. बाईंनीही मान डोलावली, हे इथं सांगितलं पाहिजे. दोन दिवसांची नवरी अंगभर हळद घेऊन समोर थिजून उभी होती. तिच्या कपाळी किटाळ यावं असं बाईंना तरी कुठं वाटत होतं.

धाराशिवला जाताना जीपमध्ये गुरुलिंगांनी ओसरी पाठ केली. दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या पोरीनं विचारलं, “कशानं झालं?” त्यांनी सांगितलं. “पाय घसरून एवढं?” असं तिनं म्हणताच ते घाबरले आणि आपल्या पदरचं एक वाक्य त्यांनी घातलं: “तसे तिचे दात आधीपासून हलतच होते.” बाई बाजूला स्ट्रेचरवर पडून ऐकत होत्या. याच दातांनी संक्रांतीला त्यांनी अख्खा ऊस सोलून खाल्ला होता. पण तोंडात कापूस कोंबलेला; बोलणार काय? त्यांच्या तोंडाची हकिकत दुसऱ्यानं सांगितली आणि तिसरीनं लिहून घेतली.

*

पत्र घेऊन दोघं धाराशिवला गेले. अणदूरहून तुळजापूर, तिथं गाडी बदलायची, आणि कडक ऊन. दवाखान्यात विम्याचे कागद पाहणारा श्रेयस नावाचा तरुण होता. त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर अर्धा खाल्लेला वडापाव. पत्रावरचे लाल शेरे पाहून तो हसला.

“कंपनीला नापास केलंत व्हय बाई?” मग त्यानं फाईल उघडली. “सांगतो. दात हा शब्द दिसला की कंपनी पुढचं वाचतच नाही. दाताचं पॉलिसीत बसत नाही, हे त्यांचं बरोबर. पण त्याच कलमात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. अपघातामुळं लागलं असंल आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार घेतले असतील, तर दाताचंही द्यावं लागतं.”

बाईंनी वहीत लिहिलं, ‘मग?’

“मग चूक आमची पण आहे. तुमचं हाड मोडलं. पट्ट्या हाडाला बसवल्या. पण बिल गेलं दंतविभागाच्या नावाच्या कागदावर, त्यात सगळं एकाच ओळीत कोंबलेलं. मी बिल फोडतो. जबड्याचं वेगळं, दातांचं वेगळं. डॉक्टर मॅडमकडून पत्र घेतो की दात गेले ते हाड मोडताना गेले. एवढ्यानं निम्मं काम होतं.” त्यानं केसपेपरावर बोट ठेवलं. “राहिलेल्या निम्म्याचं काय? हे घसरणं आणि हलणं. हे कुणी सांगितलं?”

गुरुलिंग खिडकीतून रिक्षा मोजत होते.

श्रेयसनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्याला अशा गप्पपणाची सवय असावी. आवाज खाली आणून तो म्हणाला, “असं करू. मोटरसायकल लिहू. काका चालवत होते, तुम्ही मागं बसलेल्या, कुत्रं आडवं आलं. कंपनीला मोटरसायकल लगेच पटती.”

“कुत्रं कुठनं आलं?” गुरुलिंगांनी विचारलं.

“सगळ्यांचं कुत्रंच असतं काका.”

गुरुलिंगांना ते बरं वाटलेलं दिसलं. लंगर नको, ओसरी नको, पायगुण नको. सगळं कुत्र्यावर जात होतं. त्यांनी आशेनं बायकोकडं पाहिलं. बाईंनी लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर वही श्रेयसकडं फिरवली.

‘एक खोटं निस्तरायला इतक्या लांब आलेय. दुसरं घेऊन परत जाणार नाही. कुत्रं नव्हतं. लंगर होता.’

श्रेयसला लंगर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि ते गुरुलिंगांनाच सांगावं लागलं, कारण एवढं सगळं लिहायला बाईंनी साफ नकार दिला. अडखळत, घाम पुसत त्यांनी सांगितलं. खरी हकिकत त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होती.

“अवघड आहे,” श्रेयस शेवटी म्हणाला. “खरं आहे म्हणूनच अवघड आहे. फेरविचाराचा अर्ज करा. साक्षीदार लागतील.”

*

अर्जाची कुणकुण लागायला गावात काही वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच हरणाबाई आली. उंबऱ्यातच बसली, आत ये म्हटलं तरी येईना.

“रुद्रम्मा, तू म्हणं कंपनीला लंगराचं लिवणार.”

बाईंनी मान डोलावली.

“अगं पैशापायी पोरीच्या संसाराला डाग लावतीस? तिच्यापायी मी त्या दिवशी सगळ्यांची तोंडं धरली.”

बाईंनी भराभर लिहिलं. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून वही गुरुलिंगांकडं गेली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, खाकरले आणि म्हणाले, “ती म्हणती, अक्का, तुमचं बरोबर हाय, पण जरा अडचण हाय.”

वहीत असलं काही नव्हतं. बाईंनी गुडघ्यावर थाप मारली.

“तोंड माझंच धरायचं होतं का, असं विचारती ती,” गुरुलिंग म्हणाले. “म्हंजी असंच, सहज.”

बाईंनी पुन्हा लिहिलं, जास्त दाबून; कागद फाटतो की काय असं वाटलं. गुरुलिंगांनी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. “ती म्हणती, चहा घ्या.”

“तुझ्या नवऱ्याला तुझं अक्षर लागंना वाटतं,” हरणाबाई म्हणाली. ती अडाणी होती, खुळी नव्हती.

तेवढ्यात सासूला शोधत अर्पिता दारात आली. हातात अजून हिरवा चुडा, पायात जोडवी. बाईंनी नवऱ्याच्या हातातली वही काढून घेतली आणि सरळ तिच्या हातात दिली. गुरुलिंग म्हणाले, “अगं, तिला कशाला,” पण तोवर अर्पितानं वाचायला सुरुवात केली होती. शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

“अक्का, माझा जबडा मोडला तेव्हा तुम्ही आधी माझ्या तोंडावर पदर धरला आणि मग दवाखान्याला न्यायला जीप बोलावली. मी तुम्हाला त्याबद्दल आजवर एक शब्द बोलले नाही, कारण मला बोलताच येत नव्हतं. लंगराची कडी गंजलेली होती. पोरीच्या पायगुणानं लोखंड गंजत नाही. मला पहिलीचा वर्ग पाहिजे. त्यासाठी दात पाहिजेत. मी लिहिणार.”

ती थांबली. काकांचं वाचन तिनं दारातून ऐकलं होतं. “चहा घ्या, असं कुठंही लिहिलेलं नाही, काका.”

हरणाबाईचा चेहरा उतरला होता. सुनेसमोर हे सगळं उघडं व्हावं ही तिची इच्छा नव्हती.

अर्पितानं वही मिटून छातीशी धरली. “आई, मी तिथंच उभी होते. मला काय दिसलं नव्हतं का? तुम्ही लपवलंत, पण नळावर बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी पायाकडं बघतात. महिना झाला. न सांगता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी मला विचारत पण नाही आणि मला उत्तर पण देता येत नाही. उघड सांगितलं तर निदान भांडता तरी येईल.”

“भांडणार हायस व्हय तू?” हरणाबाई म्हणाली.

“वेळ आली तर.” मग ती बाईंकडं वळली. “काकी, साक्षीदार म्हणून माझं नाव घाला. पहिलं.”

हरणाबाई उठली, पदर सावरला आणि घरी गेली. अर्पिता मात्र थांबली. अर्जाचं पक्कं अक्षर तिनंच काढलं. बाईंनी कच्च्यावरून तपासलं आणि एका ठिकाणी लाल पेनानं काना वाढवला.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात तारा निघाल्या. तोंड उघडायला लागलं, पण दोनच बोटं मावतील एवढं, आणि बोलताना समोरच्या फटीतून वारा जाई. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा तपासनीस सोलापूरहून आला. तिशीतला, सभ्य, खांद्याला पिशवी. ओसरीत बसून पाणी प्याला आणि आधी त्यानं ओसरीच्या फरशीवरून बूट घासून पाहिला.

“घसरण्यासारखी नाही,” तो म्हणाला.

“नाहीच,” बाई म्हणाल्या.

त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक केसपेपर, दुसरा अर्ज. “बाई, एका घटनेच्या दोन हकिकती आहेत. एक खोटी असणार. खोटी माहिती दिली म्हणून कंपनी तुमची पॉलिसीच बंद करू शकते, हे आधी सांगतो. अजूनही अर्ज मागं घेता येईल.”

गुरुलिंग अर्जाच्या कागदाकडं सरकले. बाईंनी सावकाश, एकेक शब्द जिभेनं ढकलत उत्तर दिलं. “पहिली खोटी. दुसरी खरी. पहिली सांगितली तेव्हा माझ्या तोंडात कापूस होता. मी सांगितलेलं ते नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलंही नाही. त्या वाट पाहत बसल्या. पोराला उत्तर येत असतं पण धीर होत नसतो, तेव्हा वर्गात त्या अशाच बसत. कधी कधी तास संपेपर्यंत.

“म्या,” गुरुलिंग म्हणाले. “म्या सांगितलं. घराण्याचं नाव सांभाळायला गेलो.”

तपासनीसानं ते लिहून घेतलं. मग तो म्हणाला, “बरं, लंगरच लागला असं धरू. पण धार्मिक विधीत माणूस स्वतःहून धोका पत्करतो. कंपनी तसं म्हणेल.”

“ओढत उत्तरेश्वर होता. मी ताट धरून उभी होते.”

“एवढ्या जवळ कशाला उभं राहायचं?”

“लग्नघरात नवऱ्या मुलाची चुलती काय रस्त्यावर उभी राहते?”

तपासनीसाच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यानं मान खाली घातली. “आणि शेवटी हे दाताचंच ना, बाई?”

बाईंनी क्ष-किरणांचा फोटो उजेडाकडं धरला. हाडावरच्या पट्ट्या आणि स्क्रू पांढरेशुभ्र दिसत होते. “दात हवेत लोंबत नसतात, साहेब. हाडात रोवलेले असतात. हाड मोडलं तेव्हा दातांना वगळून मोडलं नाही. तुमची कंपनी कशी वगळते?”

एवढ्यात उत्तरेश्वर आला. त्याला बोलवायला अर्पिता गेली होती. पोत्यात गुंडाळलेला लंगर त्यानं ओसरीत ठेवला, बाईंच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी तो बाईंच्याच वर्गात होता. त्याच्याकडं आजवर कुणी गेलंच नव्हतं; वाघ्या कधी कबूल व्हायचा नाही, त्याचा मान जाईल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

“तुमच्या हातून लागलं हे कबूल आहे?” तपासनीसानं विचारलं.

“व्हय. कडी गंजली व्हती, म्या बघितली न्हाय.”

“इतके दिवस का सांगितलं नाही?”

“कुणी इचारलंच न्हाय.”

तपासनीसानं साखळी उचलून वजन पाहिलं. तुटलेली कडी लोहारानं नव्यानं सांधलेली होती, तिचा रंग वेगळा दिसत होता. “ही ओढून तुटते? तोडून दाखवा बरं.”

उत्तरेश्वरनं साखळी त्याच्या हातातून परत घेतली. “न्हाय साहेब. ह्यो देवापुढं तुटतो. कंपनीपुढं न्हाय.”

“मग मी कसं मानू?”

“तुमी मानू नका. म्या लिवून देतो.”

बाईंनी त्याला कागद दिला. “काय लिवू, बाई?” त्यानं विचारलं. “काय झालं ते. जसं झालं तसं,” बाई म्हणाल्या आणि एक शब्दही सांगितला नाही. तो मांडी घालून अर्धा तास लिहीत होता. दोनदा खोडलं. बाहेर शेजारच्या दारात हरणाबाई येऊन उभी राहिली होती. आत येत नव्हती आणि जातही नव्हती. तपासनीसानं तिला हाक मारून विचारलं, “आजी, तुम्ही तिथं होतात का?”

गल्लीत चार माणसं थांबलेली. हरणाबाईनं सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं. “व्हते की. माझंच घर, माझंच जागरण. लंगरच लागला तिला.” मग आवाज चढवून, तपासनीसाला कमी आणि गल्लीला जास्त, म्हणाली, “आन माझ्या सुनेला कुणी नावं ठिवली तर माझ्याशी गाठ हाय.”

*

शाळा उघडली तरी कंपनीचा निर्णय आला नव्हता. बाई पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसल्या. अमरसिंहांनी ऑफिसात मांडलेली नवी खुर्ची तशीच राहिली. पहिलीच्या पोरांना बाईंच्या तोंडाचं काही वाटलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांचेही समोरचे दात पडलेले होते. एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमचे पण येतील,” आणि बाई म्हणाल्या, “आणणार आहे.” पण वारा जाणारे शब्द पोरं तसेच, वारा घालून म्हणत होती. बाईंना ते ऐकू येत होतं, दाराबाहेर थांबलेल्या अमरसिंहांनाही.

पत्र जुलैत आलं, शाळेच्या पत्त्यावर. अमरसिंहांनी स्वतः वर्गात आणून दिलं. जबड्याची शस्त्रक्रिया कंपनीनं मान्य केली होती. दात नामंजूर. कारण तेच: केसपेपरनुसार दात पूर्वीपासून हलत होते. सोबत एक छापील कागद, एवढ्यावर आपलं पूर्ण समाधान झाल्याची सही करण्यासाठी.

“मोठीच गोष्ट झाली, बाई,” अमरसिंह म्हणाले. “खर्च तर निघाला. आता सही करा, कवळी करून घ्या, आणि ऑफिसात आरामात बसा.”

“समाधान झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी छापील कागदावर आडवं ‘मान्य नाही’ असं लिहून तो घडी करून पिशवीत टाकला आणि पोरांना पुढची ओळ म्हणायला लावली.

घरी गुरुलिंगांनी पत्र वाचलं आणि ‘हलत होते’ यावर बोट ठेवलं. ओसरीचं खोटं सगळ्यांचं मिळून होतं, पण दात हलण्याचं वाक्य त्यांचं एकट्याचं होतं. ते तेवढं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता ते तुळजापूरला गेले आणि शंभराचा स्टॅम्प घेतला. टायपिंगवाला म्हणाला, मजकूर मी सांगतो, नेहमीचाच असतो. गुरुलिंग म्हणाले, “आमचा नेहमीचा न्हाय.” त्यांनी तो हातानंच लिहिला. ‘माझ्या पत्नीचे दात हलत नव्हते. मी भीतीपोटी खोटे सांगितले. गेल्या संक्रांतीस तिने माझ्यासमोर ऊस सोलून खाल्ला. आमच्या घरात तिच्याइतके बळकट दात कुणाचे नव्हते, माझेही नाहीत.’

संध्याकाळी तो कागद त्यांनी बायकोपुढं ठेवला. बाईंनी लाल पेन हातात घेतला, कागद दोनदा वाचला आणि पेन टोपण लावून ठेवला. कुठं काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

तो स्टॅम्प, अर्पितानं लिहिलेला नवा अर्ज, आणि हे नामंजूर झालं तर विमा लोकपालाकडं जाणार, अशी त्याची शेवटची ओळ, एवढं कंपनीकडं गेलं. ती ओळ बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिली. ऑगस्टच्या शेवटी श्रेयसचा फोन आला. “बाई, कंपनी पास झाली. दातांसकट. मॅडम विचारतात, कधी येताय?”

*

दुसऱ्या दिवशी बाईंनी तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज अमरसिंहांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी लगेच सही केली. “जा, जा. पहिलीची काळजी करू नका. आल्यावर बघू कुठं बसवायचं ते.”

बाई उठल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी दुसरा कागद काढला. त्यावर पाच ओळी होत्या. बाई अमुक तारखेला रजेवर जातील. त्या काळात पहिलीचा वर्ग शिंदेगुरुजी सांभाळतील. अमुक तारखेला बाई परत येतील आणि त्याच दिवशी पहिलीचा वर्ग त्यांच्या ताब्यात परत दिला जाईल. खाली दोन सह्यांची जागा, आणि साक्षीदारांची.

अमरसिंहांनी कागद वाचला आणि ते हसायला लागले. “बाई, हे काय आता? आपल्या आपल्यात करार कसला? माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे की.”

“मग?”

“अणदूरचेच ना तुम्ही?” बाई म्हणाल्या. फटीतून वारा जात होता, तरी शब्द एकेक करून नीट बाहेर पडत होते. “आपला खंडोबा दर साली नळदुर्गाला जातो, तेव्हा काय करता? दोन्हीकडचे मानकरी बसतात, कागद करतात, देव कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा ते लिहितात, सह्या करतात. मग देव हलतो. नळदुर्गकरांवर आपला विश्वास नाही म्हणून करतो का ते?”

अमरसिंहांचं हसणं ओसरलं. त्यांचे आजोबा त्या करारावर सही करणाऱ्यांत होते, आणि ही गोष्ट ते दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या भाषणात सांगत.

“देव आणि पहिलीचा वर्ग एक करता काय तुम्ही?” ते जरा चिडून म्हणाले.

“मी काही एक करत नाही. देव इतकी वर्षं लिहून घेऊन जातो. मी पहिल्यांदाच घेतेय.”

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं ताटं घेऊन ओट्याकडं पळाली. बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. त्यांना घाई नव्हती. अमरसिंहांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा कागदाकडं, मग खिसा चाचपला.

“पेन द्या,” ते म्हणाले.

बाईंनी दिला. लालच होता. दुसरा त्यांच्याजवळ नव्हता.